ॲक्शन फिगरचे सांधे : हलणं आणि थांबणं

"एवढा मोठा झालास, अजून बाहुल्यांशी खेळतोस?" ॲक्शन फिगर जमवणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतो. मलाही लागतो. गंमत अशी की 'ॲक्शन फिगर' हा शब्द मुळात याच प्रश्नाच्या धास्तीतून तयार झाला.

1964 साली अमेरिकेत हॅस्ब्रो कंपनीने 'जी.आय. जो' नावाचा सुमारे 12 इंच उंचीचा सैनिक बाजारात आणला. त्याला कापडी गणवेश होता, कपडे बदलता येत होते. म्हणजे सरळ बोलायचं तर ती बाहुलीच होती. पण त्याच्या पाच वर्षं आधी, 1959 साली, मॅटेलची बार्बी आली होती आणि 'बाहुली' म्हणजे मुलींचं खेळणं हे लोकांच्या डोक्यात पक्कं होतं. मुलगा बाहुली मागणार नाही, आणि त्याचे वडील ती घेऊन देणार नाहीत, अशी कंपनीला भीती. म्हणून तिने नवीन नाव शोधलं, 'ॲक्शन फिगर'. आणि या नावाला आधार कशाचा? तर सांध्यांचा! या सैनिकाला 21 हलणारे भाग आहेत, अशी जाहिरात झाली. बार्बी तेव्हा मान, खांदे आणि मांड्यांच्या मुळाशी, अशी पाचच ठिकाणी हलायची. थोडक्यात, बाहुली आणि ॲक्शन फिगर यांच्यामधली भिंत सांध्यांनी उभी केली.

तेव्हा हा छंद समजून घ्यायचा तर सुरुवात सांध्यांपासूनच करायला हवी. आपल्या वाङ्मय मंडळाच्या अंकात हा विषय कशाला, असं कुणाला वाटेल. पण आपला 'सांधा' आणि व्याकरणातली 'संधी' हे एकाच मुळातून आलेले शब्द आहेत. दोन वर्ण जवळ येतात तेव्हा दोघांनाही थोडं बदलावं लागतं, तेव्हा संधी होते. प्लास्टिकचा दंड आणि प्लास्टिकचा हात जोडतानाही नेमकं तेच होतं. दोघांनाही थोडं कापून घ्यावं लागतं. कुठे आणि किती कापायचं, हाच या कलेतला खरा प्रश्न.

तीन मूळ सांधे

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आपण बिजागरीचा सांधा आणि उखळीचा सांधा शिकलो. तेच शब्द इथे चालतात. जगातली कुठलीही फिगर घ्या, तिचे सांधे तीन मूळ प्रकारांत बसतात, किंवा त्यांच्या जोडणीतून तयार होतात.

पहिला, खुंटीचा सांधा. एका भागाला गोल खुंटी, दुसऱ्याला भोक. खुंटी भोकात बसली की भाग स्वतःभोवती फिरतो, बरणीचं झाकण फिरावं तसा. संग्राहक याला 'स्विव्हल' म्हणतात. तो बनवायला स्वस्त, मजबूत आणि टिकाऊ. मात्र तो एकाच अक्षाभोवती फिरतो. खांद्याला फक्त असा सांधा असेल, तर हात वर-खाली जाईल, पण बाजूला उघडणार नाही.

दुसरा, बिजागरीचा सांधा. दाराची बिजागरी तशीच ही. मधून एक पिन जाते आणि दोन भाग तिच्याभोवती दुमडतात. कोपर आणि गुडघा ही तिची हक्काची जागा.

तिसरा, उखळीचा सांधा. एका भागाला गोळा, दुसऱ्याला उखळ. आपला खांदा आणि मांडीचं मूळ असंच आहे. गोळा सगळ्या दिशांना फिरतो, म्हणून मान, खांदा, कंबर इथे तो वापरतात. पण उखळ गोळ्याला धरून ठेवण्यासाठी त्याच्या निम्म्याहून अधिक भागाला वेढा घालते, आणि त्या वेढ्याची कडा जिथे आडवी येते तिथे हालचाल थांबते. सगळीकडे फिरणारा सांधा सगळीकडे थोडाथोडाच फिरतो.

मग कारागिरांनी जोड्या लावल्या. खुंटीवर बिजागरी बसवली की हात पुढे-मागेही फिरतो आणि बाजूलाही उघडतो. आजच्या बहुतेक सहा इंची फिगर्सच्या खांद्यात, कोपरात, मनगटात हीच जोडी सापडते. एका दांड्याच्या दोन्ही टोकांना दोन गोळे, म्हणजे डंबेलसारखा सांधा, मानेत बसवला की डोकं खूप वर आणि खूप खालीही जातं. एकामागोमाग दोन बिजागऱ्या लावल्या की 'दुहेरी कोपर' किंवा 'दुहेरी गुडघा' तयार होतो.

हा दुहेरी प्रकार जरा समजून घेण्यासारखा आहे. माणसाच्या कोपरात बिजागरीसारखा एकच सांधा असूनही मूठ खांद्यापर्यंत पोचते. मग फिगरला दोन का लागतात? कारण आपलं मांस दबतं. हात दुमडला की आतल्या बाजूचं मांस चेपून जागा करून देतं. टणक प्लास्टिक चेपत नाही. एका बिजागरीचं कोपर साधारण काटकोनापर्यंत आलं की दंड आणि हात एकमेकांवर आपटतात, संपलं. मध्ये एक छोटा तुकडा घालून दोन बिजागऱ्या केल्या की दोघांना अंतर मिळतं आणि हात पूर्ण दुमडतो. म्हणजे शरीराची हुबेहूब नक्कल केली तर शरीरासारखी हालचाल मिळत नाही. हालचाल हवी असेल तर शरीरात नसलेला सांधा घालावा लागतो.

खरं काम थांबण्याचं

आता मला जे मुख्य सांगायचं आहे ते सांगतो. आमच्या गोव्याच्या सीमेपलीकडे सिंधुदुर्गात, कुडाळजवळच्या पिंगुळीला, ठाकर समाजाची कळसूत्री बाहुल्यांची परंपरा आहे. दोऱ्यावर चालणाऱ्या बाहुलीचे सांधे सैल असावे लागतात. दोरा ओढला की हात वर, सोडला की स्वतःच्या वजनाने खाली. तिथे सांध्याने अडवायचं नसतं, वाट द्यायची असते.

ॲक्शन फिगरचं बरोबर उलट आहे. तिला दोरा नाही. तुम्ही तिचा हात उचलता, बोटं काढून घेता, आणि हात तिथेच राहायला हवा. आज, उद्या, पुढच्या महिन्यातही. नाव 'ॲक्शन' असलं तरी तिचं आयुष्य स्थिर उभं राहण्यात जातं. म्हणून चांगल्या सांध्याची परीक्षा तो किती हलतो यापेक्षा तो हवा तिथे थांबतो का, यात जास्त आहे.

थांबवणारी शक्ती म्हणजे घर्षण. खुंटी भोकापेक्षा केसभर जाड असते, म्हणून ती दाबून बसते आणि घसरत नाही. हा 'केसभर' सांभाळणं कठीण. फिट जास्त झाली तर फिरवताना खुंटीच पिळवटून तुटते. सैल झाली तर हात लोंबकळतो. शिवाय फिरवून फिरवून प्लास्टिक झिजतं, आणि आज घट्ट असलेला सांधा चार वर्षांनी सैल होतो.

म्हणून प्लास्टिकची निवडही महत्त्वाची. एबीएस कडक असतं, लेगोचे ठोकळे त्याचेच. आकार नेमका राहतो, पण जोर लावला तर तुटतं. पीव्हीसी मऊ असतं. चेहरा, केस, कपड्यांच्या चुण्या त्यात सुंदर उतरतात, पण पातळ भाग उष्णतेने वाकतात. पीओएम नावाचं एक चिवट, गुळगुळीत प्लास्टिक आहे. ते सहज झिजत नाही म्हणून सांध्यांच्या आतल्या तुकड्यांना वापरतात. पण त्यावर रंग धरत नाही, म्हणून ते शक्यतो लपवतात. जपानी गंडाम मॉडेलच्या जोडणी-संचांत तर 'पॉलीकॅप' म्हणून वेगळ्या मऊ प्लास्टिकच्या टोप्या येतात. कडक खुंटी मऊ टोपीत बसते आणि पकड टिकते.

फिगर मोठी झाली की प्रश्न आणखी कठीण होतो. सहा इंचांची फिगर तशीच्या तशी बारा इंचांची केली, तर उंची दुप्पट होते, पण वजन आठपट. हाताची लांबीही दुप्पट झाल्यामुळे खांद्यावरचा ताण सोळापट. सांध्याची पकड मात्र त्याच हिशेबाने साधारण आठपटच वाढते. म्हणजे मोठी फिगर जन्मतःच तोट्यात! यावर एक उपाय दातेरी सांध्याचा. आत दाते असतात, फिरवताना 'कट् कट्' आवाज येतो आणि प्रत्येक दात्यावर सांधा अडकून बसतो. जड धातूचे जपानी रोबो, उदाहरणार्थ बंदाईच्या 1997पासूनच्या 'सोल ऑफ चोगोकिन' मालिकेतले, हाच उपाय वापरतात. पण याचीही किंमत आहे. सांधा दात्यावरच थांबतो. दोन दात्यांच्या मधली जागा तुम्हाला हवी असेल तर ती मिळत नाही.

पाचावरून तिसावर

आता थोडा इतिहास. पहिल्या जी.आय. जोच्या बाबतीत एक गोष्ट सांगतात, की चित्रकार रेखाटनासाठी वापरतात तो लाकडी सांध्यांचा पुतळा पाहून हॅस्ब्रोच्या डॉन लेव्हिन यांना कल्पना सुचली. त्या सैनिकाच्या धडाच्या आत लवचीक दोरी ताणलेली होती आणि कोपर-गुडघ्यांना रिव्हेट होते. दिसायला हे सुबक नव्हतं, पण वर कापडी कपडे असल्यामुळे सगळं झाकलं जायचं.

1978 साली केनर कंपनीने 'स्टार वॉर्स'च्या फिगर्स आणल्या आणि सगळं उलटं केलं. उंची फक्त पावणेचार इंच, म्हणजे साडेनऊ सेंटिमीटर. कपडे प्लास्टिकमध्येच कोरलेले. आणि सांधे पाच : मान, दोन खांदे, दोन मांड्या. कोपर नाही, गुडघा नाही. आज हे दरिद्री वाटतं, पण त्यामागे विचार होता. या गोष्टीत अंतराळयानं महत्त्वाची होती. बारा इंची माणसाच्या मापाचं यान घरात मावलं नसतं आणि परवडलंही नसतं. माणूस लहान केला तेव्हा त्याला बसायला यान देता आलं. बसण्यासाठी मांडीचा सांधा पुरे. गुडघा नसला तरी चालतो, फक्त पाय सरळ पुढे येतात! स्वस्त असल्यामुळे एकेक करून जमवताही आल्या. 1985पर्यंत या मालिकेत 90हून अधिक फिगर्स निघाल्या.

1982 साली हॅस्ब्रोने जी.आय. जो पुन्हा आणला, या वेळी याच पावणेचार इंचांत. पण त्याला कोपर आणि गुडघे दिले. त्याच्या पोटात एक साधी काळी रबरी रिंग होती, ओ-रिंग. पायांचा जोड खालून आणि धड वरून, दोन्ही या एका रिंगने ताणून धरलेले. त्यामुळे कंबर फिरायची, वाकायची, आणि मांड्याही हलायच्या. पुढच्या वर्षी दंडात आडवा खुंटीचा सांधा आला. त्यामुळे कोपर आतल्या बाजूला वळवता येऊ लागलं आणि सैनिक बंदूक दोन्ही हातांनी धरू लागला. 1985मध्ये मान उखळीवर बसली. तीन वर्षांत दोन सुधारणा, आणि दोन्ही 'हा माणूस काय करतो?' या प्रश्नातून आलेल्या.

इथे आपल्या भागाचा धागा जुळतो. फनस्कूल या भारतीय कंपनीने हे जी.आय. जो आपल्या देशात बनवून विकले. तिचा एक कारखाना गोव्यातच आहे. रंगसंगती आणि भाग यांच्या वेगळ्या जुळणीमुळे परदेशातले संग्राहक आज या भारतीय प्रती मुद्दाम शोधतात. आमच्या घरी मामाच्या लहानपणीचा पोटात रिंग असलेला एक सैनिक आहे. रबर ते रबरच, वीस-तीस वर्षांनी कडक होऊन तुटतं, आणि मग बाहुल्याचे कमरेतून दोन तुकडे होतात. मी पाठीचा एक स्क्रू काढला, योग्य मापाची नवीन रिंग घातली, स्क्रू परत बसवला. दहा मिनिटांत सैनिक उभा! सांध्यांबद्दल जे मला त्या दहा मिनिटांत कळलं, ते नुसतं वाचून कळलं नसतं. एवढासा रिंगचा वेढा, पण तोच पूर्ण शरीर एकत्र धरून होता.

पुढची मोठी उडी 2002 साली 'मार्व्हल लेजेंड्स'ने मारली. टॉय बिझ कंपनीच्या या सहा इंची मालिकेत दुहेरी गुडघे, पोटाची बिजागरी, हलणारी बोटं असं सगळं आलं. सांध्यांची संख्या तिसाच्या पुढे जाऊ लागली. जपानमध्ये 2006 साली कायोदोने 'रिव्हॉल्टेक' काढलं. त्यात दातेरी गोळ्याचा एक तयार सांधा अनेक फिगर्समध्ये वापरला. 2008मध्ये मॅक्स फॅक्टरीची 'फिग्मा' आणि बंदाईची 'एस.एच. फिगुआर्ट्स' आली. या मालिकांनी सांधे बारीक केले, नजरेआड केले. 'फिग्मा'ने तर फिगरसोबत सांध्यांची दांडी असलेला स्टँड दिला. एका पायावर किंवा हवेत उडी मारलेल्या अवस्थेत फिगर नुसत्या घर्षणावर उभी राहू शकत नाही, हे त्यांनी सरळ मान्य केलं.

जपानची ही ओढ जुनी आहे. एदो काळात युद्धं थांबली तेव्हा चिलखतं बनवणाऱ्या म्योचिन घराण्यातल्या कारागिरांनी लोखंडी पत्र्यांचे साप, खेकडे, ड्रॅगन बनवले. शेकडो तुकडे एकमेकांवर सरकणारे. त्यातला 1713 सालचा एक ड्रॅगन तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याला हवं तसं वेटोळं घालायला लावता येतं. या प्रकाराला 'जिझाई' म्हणतात, म्हणजे स्वैर, मोकळा.

डोक्यापासून पायापर्यंत

आता हातात फिगर आहे असं समजा आणि वरून खाली या.

मान : फक्त खुंटी असेल तर डोकं डावी-उजवीकडेच वळतं. उडणाऱ्या वीराला वर बघता यायला हवं, नाहीतर आडवा धरल्यावर तो जमिनीकडे तोंड करून उडतो! कधीकधी सांधा उत्तम असतो, पण पाठीवर रुळणारे प्लास्टिकचे लांब केस मान वळू देत नाहीत. दोष सांध्याचा नसतो, शिल्पाचा असतो.

खांदा : आपण दोन्ही हात छातीसमोर जोडतो तेव्हा फक्त खांद्याची उखळ हलत नाही, पाठीचं फावडंही पुढे सरकतं. फिगरमध्ये हे साधण्यासाठी छातीच्या आत आणखी एक बिजागरी घालतात. पंखासारखी पुढे-मागे होते म्हणून तिला 'बटरफ्लाय', फुलपाखरू सांधा म्हणतात. धनुर्धराला आणि दोन हातांनी तलवार धरणाऱ्याला तो हवाच. पण त्यासाठी छातीवर उभी चीर पडते. उघड्या अंगाच्या पहिलवानावर ती चीर डोळ्यांना खुपते, चिलखत घातलेल्या सैनिकावर दिसतसुद्धा नाही.

मनगट : इथे एक बारीक गोष्ट आहे. बिजागरी कुठल्या दिशेला दुमडते? आपण 'ये' म्हणून हात हलवतो तशी ती दुमडत असेल, तर कोळ्याचं जाळं फेकणारा स्पायडरमॅन मस्त दिसेल. पण तलवारवाल्याला त्याचा उपयोग नाही. तलवारीचं टोक समोर न्यायचं तर मनगट हातोडा मारताना वाकतं तसं, अंगठ्याकडून करंगळीकडे वाकायला हवं. चुकीच्या दिशेची बिजागरी असली की तलवार कायम आकाशाकडे बघत राहते. पेटीवरच्या आकड्यात दोन्ही मनगटं सारखीच मोजली जातात.

धड : कमरेत खुंटी, पोटात पुढे वाकायची बिजागरी, किंवा छातीखाली मोठी उखळ. धड हललं नाही तर हातपाय कितीही हलोत, फिगर लाकडी वाटते. माणूस धावताना खांदे एकीकडे आणि कंबर दुसरीकडे वळते. तो पीळ आला की जीव आल्यासारखं वाटतं.

मांडी : सर्वांत जास्त ओझं इथे. उखळ आणि तिच्याखाली मांडीत आडवा खुंटीचा सांधा, ही नेहमीची जोडी. त्यामुळे गुडघा बाहेरच्या बाजूला वळवता येतो. काही फिगर्समध्ये मांडी थोडी खाली ओढता येते. मग अडणारा भाग मोकळा होतो आणि फिगर उकिडवी बसते.

घोटा : हा सगळ्यात दुर्लक्षित, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. तुम्ही पाय फाकवून उभे राहा. पाय तिरके झाले तरी तळवे जमिनीवर सपाट राहतात, कारण घोटा बाजूलाही कलतो. फिगरच्या घोट्यात फक्त पुढे-मागे होणारी बिजागरी असेल, तर पाय फाकवल्यावर ती तळव्याच्या कडेवर उभी राहते आणि पडते. बाजूला कलणाऱ्या घोट्याला 'रॉकर' म्हणतात. तीस सांध्यांची फिगर या एका सांध्याविना सरळच उभी करावी लागते. दहा-पंधरा सांध्यांची, पण रॉकर असलेली फिगर पाय रोवून ठामपणे उभी राहते.

आकड्याचा मोह

पेटीवर 'इतके-इतके सांधे' असा आकडा छापलेला पाहून आपण भुलतो. विद्यार्थ्याला सहा इंची फिगर घ्यायची तर कितीतरी महिन्यांची बचत जाते, म्हणून हा मोह महागात पडू शकतो. आकडा हे सांगत नाही की सांधा कुठल्या दिशेला हलतो, किती अंश हलतो, आणि थांबतो का.

आणि प्रत्येक सांधा दिसण्याकडून काहीतरी हिरावून घेतो. 1994 साली टॉड मॅकफार्लेन यांच्या कंपनीने 'स्पॉन'च्या फिगर्स आणल्या. पुढे तिची ओळख झाली ती बारीक, थरारक कोरीवकामासाठी. सांध्यांकडे मात्र दुर्लक्ष, अशी तक्रार व्हायची आणि 'हे तर पुतळे' असं लोक म्हणायचे. पण त्या अखंड पाठीवर एकही चीर नसल्यामुळेच तर ते कोरीवकाम उठून दिसत होतं! दुसऱ्या टोकाला, सुपर7 ही कंपनी आजही मुद्दाम पाच सांध्यांच्या 'रिॲक्शन' फिगर्स काढते आणि लोक आवडीने घेतात, कारण त्यांना 1978ची आठवण हवी असते. कुणी गुडघ्यावर दिसणारी पिन लपवण्यासाठी सांध्याची रचना बदलतं, कुणी स्टीलच्या सांगाड्यावर सिलिकॉनची अखंड कातडी चढवतं. सिलिकॉनमुळे चिरा जातात, पण ती कातडी फाटू शकते आणि तिला पूर्ण दुमडून ठेवता येत नाही. सर्वगुणसंपन्न सांधा अजून कुणाला सापडलेला नाही.

आणि ती भिंत? 2015 साली मॅटेलने 'मेड टू मूव्ह' नावाची बार्बी काढली. तिला 22 सांधे आहेत. म्हणजे 1964च्या सैनिकाच्या 21पेक्षा एक जास्त! मुलगे बाहुली घेणार नाहीत म्हणून ज्या सांध्यांच्या नावाने नवा शब्द बनवला, त्या सांध्यांत बाहुलीच पुढे गेली. मग 'बाहुल्यांशी खेळतोस?' या प्रश्नाला 'नाही हो, ही ॲक्शन फिगर आहे' असं ओशाळून उत्तर देण्याची गरज मला तरी उरलेली नाही. मराठीत 'बाहुला' हा शब्द आहे आणि तो पुरेसा चांगला आहे.

हातात घेताना

शेवटी कामाच्या चार गोष्टी.

नवीन फिगरचा सांधा हलत नसेल तर जोर लावू नका. बहुतेक वेळा रंग चिकटलेला असतो. तो भाग गरम पाण्यात, उकळत्या नव्हे, मिनिट-दोन मिनिटं धरा आणि मग हळूहळू फिरवा. धरताना सांध्याच्या अगदी जवळ धरा. लांबून पिळलं की सगळा ताण खुंटीवर येतो. आत धातू किंवा विजेचा दिवा असेल तर पाण्याऐवजी केस वाळवायचं यंत्र लांबून वापरा.

सांधा सैल झाला असेल तर खुंटी बाहेर काढता येते का पाहा. येत असेल तर तिला पांढऱ्या गोंदाचा पातळ थर द्या, पूर्ण वाळू द्या, मगच बसवा. खुंटी केसभर जाड होते आणि पकड परत येते. झटपट चिकटणारा गोंद शक्यतो टाळा. पूर्ण वाळण्याआधी खुंटी बसवली, तर सांधा कायमचा बंद.

ऊन आणि बंद गाडी टाळा. एप्रिल-मेच्या उकाड्यात मऊ प्लास्टिकचे घोटे हळूहळू कलतात आणि एक दिवस फिगर शेजारच्या चौघांना घेऊन खाली येते. दीर्घकाळ ठेवायची असेल तर वजन दोन्ही पायांवर सारखं येईल अशी उभी करा, किंवा स्टँड वापरा. पावसाळ्यात हवाबंद पिशवीत कोंडू नका. पीव्हीसीतला मऊपणा देणारा द्रव पृष्ठभागावर येतो आणि फिगर चिकट होते.

आणि विकत घेण्याआधी, जमलं तर, दुकानातली उघडी प्रत किंवा मित्राची फिगर हातात घ्या. सांधे मोजत बसू नका. ती ज्या गोष्टीतून आली आहे, त्या गोष्टीतली तिची एक नेमकी मुद्रा मनात आणा. धनुष्य ओढलेला धनुर्धर असो, भिंतीवर दबा धरलेला कोळी-मानव असो, नाहीतर थकून बसलेला सैनिक. ती मुद्रा तिच्याकडून करवून घ्या आणि हात काढून घ्या. दहापर्यंत आकडे मोजा. ती तशीच राहिली, तर तिचे सांधे चांगले आहेत. मग पेटीवर काहीही छापलेलं असो.